गॅलिलिओ गॅलिली

गॅलिलिओ गॅलिली (१५ फेब्रुवारी, इ.स. १५६४ - ८ जानेवारी, इ.स. १६४२) हे इटलीतील गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणीतून केलेली आकाशनिरीक्षणे आणि सूर्यकेंद्री सिद्धान्ताचा पुरस्कार केल्याबद्दल त्यांच्यावर चाललेला धार्मिक खटला यांमुळे त्यांचे नाव सर्वसामान्यांना परिचित आहे. मात्र भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत पायाभूत कार्य जमिनीकडे पडणाऱ्या वस्तूंच्या गतीविषयी आहे. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचा वेग काळाच्या प्रमाणात वाढतो आणि तिने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा नियम त्यांनी मांडला व प्रयोगाने तपासला.

हा नियम त्यांना एकाएकी सापडलेला नाही. वयाच्या पंचविशीत सुरू झालेला हा शोध त्यांनी चुकीच्या सिद्धान्तापासून आरंभला, मध्यंतरी अचूक सूत्र हाती आल्यावरही त्याचे चुकीचे स्पष्टीकरण दिले, आणि अखेर नजरकैदेत असताना, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तो परदेशात ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

बालपण आणि शिक्षण

गॅलिलिओ यांचा जन्म टस्कनी प्रांतातील पिसा या शहरात झाला. त्यांचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट या तंतुवाद्याचे वादक आणि संगीतशास्त्राचे अभ्यासक होते; आईचे नाव जुलिया अम्मानाती. व्हिन्चेन्झो यांनी ताणलेल्या तारांवर प्रयोग करून असे दाखवले होते की, तारेचा स्वर एका सप्तकाने चढवायचा असेल तर तिला टांगलेले वजन दुप्पट करून भागत नाही, ते चौपट करावे लागते. जुन्या ग्रंथांतील समजूत प्रत्यक्ष तपासून पाहण्याची आणि संख्यांमधील वर्गाचे नाते ओळखण्याची ही पद्धत गॅलिलिओ यांना घरातच पाहायला मिळाली.

कुटुंब फ्लोरेन्स येथे स्थायिक झाल्यावर त्यांचे काही शिक्षण व्हालोम्ब्रोझा येथील मठात झाले. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी १५८१ मध्ये पिसा विद्यापीठात वैद्यकशास्त्रासाठी नाव नोंदवले. तेथे असताना ओस्तिलिओ रिच्ची या गणितज्ञाची व्याख्याने त्यांच्या कानावर पडली आणि युक्लिड व आर्किमिडीज यांच्या अभ्यासाकडे ते ओढले गेले. १५८५ मध्ये पदवी न घेताच त्यांनी विद्यापीठ सोडले. पुढील चार वर्षे त्यांनी खासगी शिकवण्या करून काढली. १५८६ मध्ये त्यांनी पदार्थांची सापेक्ष घनता मोजणाऱ्या तराजूविषयी एक लहान पुस्तिका लिहिली. १५८९ मध्ये पिसा विद्यापीठात त्यांची गणिताचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. वार्षिक वेतन ६० स्कुदी इतके अल्प होते.

पडणाऱ्या वस्तूंविषयीचे तत्कालीन विचार

त्या काळी विद्यापीठांत ॲरिस्टॉटल यांचे निसर्गविज्ञान शिकवले जात असे. त्यानुसार जड वस्तूचे नैसर्गिक स्थान विश्वाच्या मध्याशी असते आणि ती त्या स्थानाकडे धाव घेते. वस्तू जितकी जड तितकी ती वेगाने पडते. ज्या माध्यमातून ती पडते ते जितके दाट तितकी ती हळू पडते. पाण्यात बुडणारा खडा आणि हवेतून तरंगत येणारे पीस पाहिले की हे विचार रोजच्या अनुभवाशी जुळतात, म्हणूनच ते दोन हजार वर्षांच्या आसपास टिकून राहिले.

तथापि त्यांवर आक्षेप घेणारे गॅलिलिओ हे पहिले नव्हते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रिया येथील जॉन फिलोपोनस यांनी असे नोंदवले होते की, वजनात मोठा फरक असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या काळात फारच थोडा फरक दिसतो. चौदाव्या शतकात ऑक्सफर्ड येथील विद्वानांनी एकसमान वाढणाऱ्या वेगाची गणिती व्याख्या केली आणि अशा गतीतील सरासरी वेग हा आरंभीच्या व अंतिम वेगाच्या बरोबर मध्यावर असतो हे सिद्ध केले. फ्रान्समधील निकोल ओरेम यांनी तेच आकृतीच्या साहाय्याने दाखवले. सोळाव्या शतकात स्पेनमधील दोमिंगो दे सोतो यांनी पडणाऱ्या वस्तूची गती या प्रकारची असते असे लिहिले. नेदरलँड्समधील सायमन स्टेव्हिन यांनी एक चेंडू दुसऱ्याच्या दहापट जड असलेले शिशाचे दोन चेंडू ३० फूट उंचीवरून फळीवर टाकून ते जवळजवळ एकाच वेळी आदळतात असे दाखवले आणि ते १५८६ मध्ये प्रसिद्ध केले. एवढे असूनही पडताना वस्तूचा वेग नेमका कोणत्या नियमाने वाढतो, हे मोजून कोणीही दाखवलेले नव्हते.

पिसा येथील अध्यापन

१५९० च्या सुमारास गॅलिलिओ यांनी गतीविषयी लॅटिन भाषेत एक प्रबंध लिहिला. त्यात त्यांनी ॲरिस्टॉटल यांचे मत खोडून काढले, पण त्या जागी जो सिद्धान्त मांडला तोही बरोबर नव्हता. आर्किमिडीज यांच्या तरंगणाऱ्या वस्तूंच्या नियमाचा आधार घेऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की, पडण्याचा वेग वस्तूच्या वजनावर अवलंबून नसून तिची घनता आणि माध्यमाची घनता यांतील फरकावर अवलंबून असतो. त्यामुळे शिशाचे लहान-मोठे गोळे एकाच वेगाने पडतील, पण शिसे आणि लाकूड मात्र वेगवेगळ्या वेगांनी पडतील, असा निष्कर्ष निघत होता.

या प्रबंधातील दुसरी उणीव अधिक महत्त्वाची होती. प्रत्येक वस्तूला पडण्याचा एक ठरावीक, न बदलणारा वेग असतो आणि सुरुवातीला दिसणारी वेगवाढ ही तात्पुरती अवस्था आहे, असे ते त्या वेळी मानत. वस्तू वर फेकताना किंवा हातात धरून ठेवताना तिच्यात भरलेली शक्ती हळूहळू ओसरते व तोपर्यंतच वेग वाढत राहतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. उंचावरून सोडलेले लाकूड आरंभी शिशाच्या पुढे जाते, असेही त्यांनी यात लिहिले आहे. हा प्रबंध त्यांनी आयुष्यभर प्रसिद्ध केला नाही.

पिसा येथील कलत्या मनोऱ्यावरून वेगवेगळ्या वजनांच्या वस्तू टाकून त्यांनी अध्यापक व विद्यार्थ्यांसमोर जाहीर प्रयोग केला, ही कथा याच कालखंडातील सांगितली जाते. तिचा आधार म्हणजे त्यांचे शिष्य व्हिन्चेन्झो व्हिव्हियानी यांनी लिहिलेले चरित्र होय. ते गॅलिलिओ यांच्या मृत्यूनंतर लिहिले गेले आणि १७१७ मध्ये छापले गेले. गॅलिलिओ यांनी स्वतः कोठेही पिसाच्या मनोऱ्याचे नाव घेऊन असा जाहीर प्रयोग केल्याचे लिहिलेले नाही. त्यामुळे बहुतेक इतिहासकार या कथेकडे साशंकतेने पाहतात. सुमारे ५६ मीटर उंचीवरून सोडलेली जड वस्तू साधारण ३.४ सेकंदांत जमिनीवर पोहोचते. एवढ्या अल्प काळात वेग कसा वाढत गेला हे त्या काळच्या कोणत्याही साधनाने मोजणे शक्य नव्हते. मनोऱ्यावरून फार तर दोन वस्तू एकत्र पोहोचतात एवढेच दिसले असते. वेगवाढीचा नियम दिसला नसता.

पादुआ येथील संशोधन

१५९१ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि थोरला मुलगा म्हणून कुटुंबाची जबाबदारी गॅलिलिओ यांच्यावर आली. बहिणींच्या हुंड्याची रक्कम भागवणे हा त्यातील मोठा भार होता. १५९२ मध्ये त्यांना व्हेनिसच्या प्रजासत्ताकातील पादुआ विद्यापीठात १८० फ्लोरिन वेतनावर गणिताचे अध्यासन मिळाले. पैशांची गरज भागवण्यासाठी ते विद्यार्थ्यांना आपल्या घरी ठेवून घेत, खासगी शिकवण्या करत आणि लष्करी उपयोगाचे मोजमापाचे उपकरण तयार करून विकत. येथे ते १८ वर्षे राहिले. मारिना गाम्बा यांच्यापासून त्यांना व्हर्जिनिया (१६००), लिव्हिया (१६०१) आणि व्हिन्चेन्झो (१६०६) अशी तीन अपत्ये झाली. हा विवाह विधिवत झालेला नव्हता. दोन्ही मुलींना पुढे आर्चेत्री येथील सान मात्तेओ मठात जोगिणी म्हणून ठेवण्यात आले.

गतीच्या अभ्यासाला पादुआ येथे नवे वळण मिळाले. १६०२ मध्ये गुइदोबाल्दो देल मोन्ते यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी लंबकाच्या हेलकाव्यांची आणि वर्तुळाच्या जीवांवरून घसरणाऱ्या वस्तूंची चर्चा केलेली आढळते. लंबक असो वा उतारावरून घरंगळणारा गोळा, दोन्ही ठिकाणी पडण्याचीच क्रिया घडत असते, पण ती मंद झालेली असते. सरळ खाली पडणारी वस्तू डोळ्याला पकडता येत नाही. तीच उतारावर सोडली तर तिची चाल मोजण्याइतकी संथ होते. उतार जितका कमी तितकी वेगवाढ कमी, परंतु वेगवाढीचा नियम मात्र तोच राहतो, हा त्यांचा मूळ विचार होता.

या प्रयोगांतून त्यांना असे आढळले की, विरामावस्थेतून निघालेल्या वस्तूने लागोपाठच्या समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात असतात. त्यांची बेरीज करत गेल्यास १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. म्हणजेच एकूण अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

१६०४ मधील चूक

१६ ऑक्टोबर १६०४ रोजी व्हेनिस येथील विद्वान धर्मगुरू पाओलो सार्पी यांना लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओ यांनी हा वर्गाचा नियम कळवला. परंतु त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व म्हणून त्यांनी पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असे सांगितले. हे तत्त्व चुकीचे आहे.

ही चूक सहज होण्यासारखी आहे. खांब ठोकण्यासाठी दुप्पट उंचीवरून सोडलेला घण दुप्पट परिणाम करतो, हे तेव्हा ठाऊक होते आणि त्यावरून वेगही उंचीच्या प्रमाणात दुप्पट होत असावा असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात उंची दुप्पट केल्यास वेग सुमारे १.४ पटच होतो. वेग दुप्पट व्हायचा तर उंची चौपट हवी. शिवाय वेग अंतराच्या प्रमाणात असता तर विरामावस्थेतील वस्तू कधी पडूच शकली नसती, कारण अंतर शून्य असताना वेगही शून्य राहिला असता आणि वेग शून्य असताना अंतर वाढले नसते.

पुढील काही वर्षांत गॅलिलिओ यांनी हे तत्त्व सोडून दिले आणि वेग काळाच्या प्रमाणात वाढतो हे सूत्र स्वीकारले. फ्लोरेन्स येथील राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेल्या त्यांच्या हस्तलिखित टिपणांतून हा प्रवास दिसतो. त्यांतील एका पानावर, उतारावरून घरंगळत येऊन मेजाच्या कडेवरून आडवा सुटणारा गोळा किती दूर पडतो याची मोजलेली आणि हिशेबाने काढलेली अंतरे शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. मोठेपणी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी संवादातील एका पात्राच्या तोंडून आपण स्वतःही एके काळी ही चूक केली होती, अशी कबुली दिली आहे.

उतरत्या फळीचा प्रयोग

गॅलिलिओ यांनी वर्णन केलेल्या प्रयोगात सुमारे १२ ब्राच्या (त्या काळचे हाताच्या लांबीवर आधारित माप) लांबीची लाकडी तुळई वापरली होती. तिच्या कडेवर बोटाएवढ्या रुंदीची सरळ खाच कोरून ती गुळगुळीत केली होती आणि आत चर्मपत्र चिकटवले होते. तुळईचे एक टोक एक ते दोन ब्राच्या उचलून खाचेतून काशाचा घोटीव, गोल गोळा सोडला जाई.

काळ मोजण्यासाठी त्या वेळी सेकंद दाखवणारे विश्वसनीय घड्याळ नव्हते. त्यांनी पाण्याने भरलेले मोठे भांडे उंचावर ठेवून त्याच्या तळाशी बारीक नळी बसवली. गोळा सुटताच पाण्याची धार एका पेल्यात धरायची, गोळा पोहोचताच ती थांबवायची आणि जमलेले पाणी अचूक तराजूत तोलायचे. पाण्याच्या वजनांचे प्रमाण म्हणजेच काळांचे प्रमाण. गोळा पूर्ण लांबीऐवजी एक चतुर्थांश लांबीवरून सोडला असता त्याला बरोबर निम्मा काळ लागत असे. असे प्रयोग शंभरदा करूनही नाडीच्या एका ठोक्याच्या दहाव्या भागाइतकाही फरक आढळला नाही, असे त्यांनी नोंदवले आहे.

विसाव्या शतकात अलेक्सांद्र कोयरे या इतिहासकारांनी इतक्या साध्या साधनांनी एवढी अचूकता मिळणे शक्य नाही, असे मत मांडले होते. १९६१ मध्ये टॉमस सेटल यांनी त्याच प्रकारची साधने वापरून प्रयोग पुन्हा केला आणि गॅलिलिओ यांनी सांगितलेली अचूकता साध्य होते हे दाखवून दिले.

दुर्बीण आणि फ्लोरेन्सला परतणे

गतीविषयीचा ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच १६०९ मध्ये नेदरलँड्समधील दुर्बिणीची वार्ता व्हेनिसला पोहोचली. गॅलिलिओ यांनी स्वतः अधिक शक्तिशाली दुर्बिणी तयार करून आकाशाचे निरीक्षण सुरू केले. चंद्रावरील पर्वत, आकाशगंगेतील असंख्य तारे आणि गुरूचे चार उपग्रह यांची माहिती त्यांनी मार्च १६१० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी टस्कनीचे ग्रँड ड्यूक दुसरे कोसिमो दे मेदिची यांनी त्यांना आपले प्रमुख गणितज्ञ व तत्त्वज्ञ म्हणून फ्लोरेन्स येथे नेमले. त्यानंतरची वीस वर्षे मुख्यतः खगोलशास्त्र आणि त्यातून उद्भवलेले वाद यांत गेली. पडणाऱ्या वस्तूंवरील टिपणे तशीच राहिली.

१६१६ मध्ये चर्चने सूर्यकेंद्री सिद्धान्त धर्मग्रंथांच्या विरोधी असल्याचे जाहीर केले आणि तो न मानण्याची ताकीद कार्डिनल बेलार्मिनो यांनी गॅलिलिओ यांना दिली. १६३२ मध्ये दोन विश्वरचनांची तुलना करणारा त्यांचा संवादात्मक ग्रंथ फ्लोरेन्स येथे प्रसिद्ध झाला. त्यात पडणाऱ्या वस्तूंच्या नियमाचाही उल्लेख आहे. लोखंडी गोळा १०० ब्राच्या उंचीवरून पडण्यास पाच सेकंद लागतात, असा आकडा त्यांनी तेथे दिला. ही उंची सुमारे ५८ मीटर धरली तर प्रत्यक्षात साडेतीन सेकंदही लागत नाहीत. या आकड्यावरून येणारे त्वरण खऱ्या मूल्याच्या निम्मेच भरते. फ्रान्समधील मारँ मेर्सेन यांनी तेव्हाच ही विसंगती दाखवून दिली होती. गॅलिलिओ यांचे बळ प्रमाणे शोधण्यात होते. त्वरणाचे अचूक मूल्य त्यांना मिळाले नाही.

खटला आणि नजरकैद

या ग्रंथामुळे गॅलिलिओ यांना रोम येथील धर्मन्यायालयासमोर बोलावण्यात आले. फेब्रुवारी १६३३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर आजारी अवस्थेत ते रोमला पोहोचले. २२ जून १६३३ रोजी त्यांना पाखंडाच्या तीव्र संशयावरून दोषी ठरवण्यात आले आणि गुडघे टेकून पृथ्वीच्या गतीचे मत जाहीरपणे नाकारावे लागले. त्यानंतर लगेच त्यांनी पृथ्वी फिरतच असल्याचे पुटपुटले, या कथेला समकालीन पुरावा नाही. त्यांचा ग्रंथ निषिद्ध ठरला. कारावासाची शिक्षा नजरकैदेत बदलण्यात आली आणि पुढे त्यांचे कोणतेही लेखन छापण्यास परवानगी मिळेनाशी झाली.

प्रारंभीचे काही महिने ते सिएना येथे आर्चबिशप आस्कानिओ पिक्कोलोमिनी यांच्याकडे राहिले. पिक्कोलोमिनी यांनी त्यांना सन्मानाने वागवले आणि खचलेल्या गॅलिलिओ यांनी तेथेच गतीच्या जुन्या विषयाकडे पुन्हा लक्ष वळवले. डिसेंबर १६३३ मध्ये त्यांना फ्लोरेन्सजवळील आर्चेत्री येथील आपल्या घरी राहण्याची मुभा मिळाली. थोरली मुलगी व्हर्जिनिया, म्हणजे सिस्टर मारिया चेलेस्ते, जवळच्याच मठात होती. खटल्याच्या काळात तिने पत्रांतून वडिलांना धीर दिला होता आणि शिक्षेचा भाग म्हणून दर आठवड्याला म्हणावयाच्या प्रार्थना तिने स्वतःवर घेतल्या होत्या. २ एप्रिल १६३४ रोजी वयाच्या ३३ व्या वर्षी तिचे निधन झाले. या आघातानंतर काही काळ त्यांचे काम थांबले.

दोन नव्या विज्ञानांवरील ग्रंथ

गॅलिलिओ यांनी तीस वर्षांपूर्वीची टिपणे पुन्हा हाती घेऊन ग्रंथ पूर्ण केला. इटलीत तो छापणे अशक्य असल्याने हस्तलिखित देशाबाहेर पाठवण्यात आले आणि नेदरलँड्समधील लायडन येथे एल्झेव्हिर या प्रकाशनसंस्थेने १६३८ मध्ये तो प्रसिद्ध केला. हस्तलिखित आपल्या नकळत प्रकाशकाच्या हाती पडले, असे भासवणारी अर्पणपत्रिका गॅलिलिओ यांनी त्याला जोडली. तोपर्यंत त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली होती.

ग्रंथ साल्व्हियाती, साग्रेदो आणि सिम्प्लिचिओ या तीन व्यक्तींच्या चार दिवसांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यातील एक विज्ञान पदार्थांच्या बळकटीचे आणि दुसरे गतीचे आहे. पहिल्या दिवशीच्या संवादात ॲरिस्टॉटल यांच्या मताविरुद्ध एक युक्तिवाद येतो. जड दगड वेगाने आणि हलका दगड हळू पडतो असे मानून दोन्ही एकत्र बांधले, तर हलका दगड जड दगडाला मागे खेचेल आणि जोडीचा वेग मधला राहील. पण जोडीचे वजन जड दगडाहून अधिक असल्याने तिचा वेग त्याहून जास्तही असायला हवा. एकाच गृहीतकातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघतात, म्हणून ते गृहीतकच टिकत नाही. पिसा येथील तरुणपणीच्या मतातही त्यांनी येथे दुरुस्ती केली आहे. माध्यमाचा अडथळा पूर्णपणे काढून टाकला तर शिसे, लाकूड आणि लोकर हे सर्व एकाच वेगाने पडतील, असे ते आता सांगतात. हवेतून पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढला की हवेचा अडथळाही वाढतो आणि अखेर वेग स्थिर होतो, हेही त्यांनी ओळखले होते.

तिसऱ्या दिवशी एकसमान त्वरणित गतीची व्याख्या येते. समान कालखंडांत समान वेगवाढ होते ती एकसमान त्वरणित गती. या त्वरणाचे कारण काय, या प्रश्नाची चर्चा त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली. गती का वाढते याआधी ती कशी वाढते हे नेमके सांगावे, ही त्यांची भूमिका होती. चौथ्या दिवशी फेकलेल्या वस्तूची आडवी एकसमान गती आणि खाली पडण्याची त्वरणित गती यांच्या संयोगातून अन्वस्त आकाराचा मार्ग तयार होतो, हे सिद्ध केले आहे.

नियमाचा आशय

आजच्या परिभाषेत पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे त्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति वर्ग सेकंद असते. हवेचा अडथळा दुर्लक्षित केल्यास विरामावस्थेतून सोडलेल्या वस्तूचा वेग पहिल्या सेकंदाच्या अखेरीस ९.८, दुसऱ्याच्या अखेरीस १९.६, तर तिसऱ्याच्या अखेरीस २९.४ मीटर प्रति सेकंद होतो. तिने कापलेले एकूण अंतर अनुक्रमे ४.९, १९.६ आणि ४४.१ मीटर भरते. प्रत्येक स्वतंत्र सेकंदात कापलेली अंतरे ४.९, १४.७ आणि २४.५ मीटर असून ती गॅलिलिओ यांनी सांगितल्याप्रमाणे १ : ३ : ५ या प्रमाणात आहेत.

सरळ वर फेकलेल्या वस्तूलाही हाच नियम लागू होतो. १९.६ मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकलेल्या चेंडूचा वेग एका सेकंदानंतर ९.८ मीटर प्रति सेकंद उरतो आणि दोन सेकंदांनी, १९.६ मीटर उंचीवर, तो शून्य होतो. त्यानंतर तो खाली येऊ लागतो आणि चौथ्या सेकंदाच्या अखेरीस हातात परत येताना त्याचा वेग पुन्हा १९.६ मीटर प्रति सेकंद असतो; दिशा मात्र उलट असते. वर जाताना आणि खाली येताना एकाच उंचीवर वेगाचे परिमाण समान असते.

सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य असला तरी त्वरण शून्य नसते. वर जाताना, थबकताना आणि खाली येताना, तिन्ही वेळी त्वरण तेवढेच आणि खालच्याच दिशेला असते. त्या क्षणी त्वरणही शून्य असते तर वेग बदलला नसता आणि चेंडू तेथेच अधांतरी राहिला असता. वेग आणि वेगातील बदल या दोन भिन्न राशी आहेत, ही बाब गॅलिलिओ यांच्या व्याख्येमुळे स्पष्ट झाली. वर जाणारी वस्तू थांबण्यापूर्वी मंदपणाच्या सर्व पायऱ्यांतून जाते आणि खाली पडू लागणारी वस्तूही त्याच सर्व पायऱ्यांतून वेग घेते, असे त्यांनी तिसऱ्या दिवशीच्या संवादात स्पष्ट केले आहे.

अखेरची वर्षे

१६३९ मध्ये १७ वर्षांचे व्हिन्चेन्झो व्हिव्हियानी मदतनीस म्हणून आर्चेत्री येथे राहण्यास आले. ग्रंथ वाचताना त्यांना एका गृहीतकाविषयी शंका आली. समान उंचीवरून वेगवेगळ्या उतारांवरून खाली आलेल्या वस्तूंचा अंतिम वेग समान असतो, हे गॅलिलिओ यांनी पुराव्याविना गृहीत धरले होते. शिष्याच्या या शंकेमुळे अंध गॅलिलिओ यांनी त्याची सिद्धता मनातल्या मनात रचली. ती नंतर १६५६ च्या बोलोन्या येथील आवृत्तीत समाविष्ट झाली. ऑक्टोबर १६४१ मध्ये एव्हान्जेलिस्ता टॉरिचेली हेही त्यांच्या सोबतीला आले.

८ जानेवारी १६४२ रोजी आर्चेत्री येथे गॅलिलिओ यांचे निधन झाले. फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये त्यांचे स्मारक उभारण्याचा ग्रँड ड्यूक यांचा विचार होता, परंतु रोमच्या विरोधामुळे त्यांचे पार्थिव तेथील एका लहानशा खोलीत दफन करण्यात आले. १७३७ मध्ये ते मुख्य चर्चमधील स्मारकात हलवण्यात आले.

वारसा

बोलोन्या येथील जेझुइट धर्मगुरू जिओव्हान्नी बात्तिस्ता रिच्चिओली यांनी आसिनेल्ली मनोऱ्यावरून गोळे टाकून पडण्याचे काळ मोजले. गॅलिलिओ यांची मते खोडून काढण्याची उमेद असतानाही त्यांना विषम संख्यांचा नियम बरोबर असल्याचे आढळले आणि १६५१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. १६५९ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स यांनी लंबकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरणाचे आजच्या मूल्याच्या अगदी जवळचे मूल्य काढले. गॅलिलिओ यांनी बाजूला ठेवलेला त्वरणाच्या कारणाचा प्रश्न आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्ताने हाताळला. सर्व वस्तू समान त्वरणाने का पडतात, या प्रश्नापासून सुरुवात करून आल्बर्ट आइनस्टाइन १९१५ मध्ये सामान्य सापेक्षता सिद्धान्तापर्यंत पोहोचले.

गॅलिलिओ यांचा १६३२ चा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीतून १८३५ मध्ये वगळण्यात आला. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्या प्रकरणात तत्कालीन धर्मपंडितांकडून चूक झाल्याचे मान्य केले.

२ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. चंद्रावर हवा नसल्याने अडथळा नव्हता आणि तेथील त्वरण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने पडणे संथ होते. हातोडा आणि पीस एकाच वेळी जमिनीला टेकले.